पेंटेकॉस्ट

ख्रिस्ती धर्मातील एक प्रमुख सण. नाताळ व ईस्टर यांच्या जोडीने चर्चच्या वार्षिक उपासनाक्रमात त्यास मानाचे स्थान आहे. येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानानंतर जेरूसलेममध्ये एकत्र जमलेल्या त्याच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, या श्रद्धेच्या स्मरणार्थ तो पाळण्यात येतो. ‘पेन्टेकोस्टे’ म्हणजे ‘पन्नासावा’ या ग्रीक शब्दावरून सणाचे नाव आले असून मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘पन्नासावा दिवस’ अशीही त्याची संज्ञा रूढ आहे. ईस्टरचा रविवार धरून पन्नासाव्या दिवशी, म्हणजे ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी, हा सण येतो. ईस्टरची तिथी चांद्रगणनेवर अवलंबून असल्यामुळे पाश्चात्त्य चर्चमध्ये तो १० मे ते १३ जून यांदरम्यान केव्हाही येऊ शकतो. शिष्यांनी उघडपणे उपदेशास आरंभ केला तो याच दिवशी, म्हणून त्यास चर्चचा जन्मदिवस असेही म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी या सणाच्या नावाने जगभर जी धार्मिक चळवळ पसरली, तिच्या प्रारंभीच्या केंद्रांपैकी एक पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाचे विशेष महत्त्व आहे ते त्यामुळेच.

मूळ : हा सण ख्रिस्ती धर्माहून जुना आहे. ज्यू लोकांच्या तीन यात्रासणांपैकी ‘शावुओत’ म्हणजे सप्ताहांचा सण हे त्याचे मूळ होय. वल्हांडणाच्या काळात पहिल्या पिकाची पेंढी देवापुढे ओवाळावयाची, तेथून सात सप्ताह मोजावयाचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या पिठाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पण करावयाच्या, असा विधी बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितला आहे. निर्गम या ग्रंथात यालाच कापणीचा सण म्हटले आहे. सातूच्या कापणीने सुरू झालेल्या हंगामाची गव्हाच्या कापणीने होणारी ही सांगता होती.

अनुवाद या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात मात्र विधीपेक्षा माणसांचा विचार अधिक केलेला आढळतो. सणाच्या आनंदात घरच्या मुलामुलींबरोबर दास व दासी, लेवी, गावात वस्तीला आलेला परका, पोरके मूल आणि विधवा या सर्वांना सामावून घ्यावे आणि आपणही एके काळी मिसर देशात दास होतो याचे स्मरण ठेवावे, अशी आज्ञा तेथे दिली आहे. ही यादी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण सणाच्या पुढील इतिहासात ती निरनिराळ्या रूपांनी पुनःपुन्हा डोकावते. शावुओतच्या दिवशी सिनॅगॉगमध्ये रूथचा ग्रंथ वाचण्याची प्रथा आहे. रूथ ही परक्या मुलखातून आलेली विधवा. कापणीच्या शेतात मागे पडलेली कणसे वेचून ती आपला व सासूचा चरितार्थ चालविते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरूसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर भाकरी अर्पण करण्याचा विधी बंद पडला आणि सीनाय पर्वतावर मोशेला नियमशास्त्र मिळाल्याचा दिवस हा सणाचा अर्थ ज्यू परंपरेत दृढ झाला. महाराष्ट्रातील मराठी भाषिक बेने इस्राएल समाजही शावुओत पाळतो.

ऋतुमानाच्या फरकामुळे सणाचा हा शेतीशी निगडित अर्थ महाराष्ट्रात सहजासहजी प्रतीत होत नाही. पॅलेस्टाइनमध्ये गव्हाची कापणी मे-जूनच्या सुमारास संपते. महाराष्ट्रातील रब्बीचा गहू त्यापूर्वी दोन-तीन महिने घरात आलेला असतो आणि पेंटेकॉस्टच्या सुमारास शेतकरी नांगरट, कुळवणी उरकून मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसलेला असतो. तेथे जो भरल्या कणगीचा सण, तो येथे बी-बियाणे राखून वाट पाहण्याच्या दिवसांत येतो.

नव्या करारातील घटना : पेंटेकॉस्टचा ख्रिस्ती अर्थ प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायावर आधारलेला आहे. हा ग्रंथ परंपरेने लूक याच्या नावे असून बहुसंख्य अभ्यासक तो पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातील मानतात. येशूच्या स्वर्गारोहणानंतर त्याचे शिष्य, त्याची आई मरिया व इतर स्त्रिया असे सुमारे १२० जण जेरूसलेममध्ये प्रार्थनेत काळ घालवीत होते. पन्नासाव्या दिवशी ते एकत्र असता सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद होऊन त्याने घर भरून गेले. अग्नीच्या जिभांसारखे काही दिसले व ते प्रत्येकावर स्थिरावले. आणि ते सर्व पवित्र आत्म्याने भरून निरनिराळ्या भाषांत बोलू लागले, असे वर्णन आहे. सणासाठी जेरूसलेमला आलेल्या लोकांत पार्थियन, मीड, एलामाइट, मेसोपोटेमियाचे व आशिया मायनरच्या विविध प्रांतांचे रहिवासी, मिसरी, लिबियाकडील, रोमहून आलेले, क्रीट बेटावरील आणि अरब असे नाना देशींचे यात्रेकरू होते. बोलणारे गालीलचे, म्हणजे जेरूसलेमच्या शिष्ट लोकांच्या दृष्टीने आडमुलखाचे. तरीही प्रत्येकाला आपापली जन्मभाषा ऐकू येत होती.

काही बघ्यांनी हे लोक नव्या द्राक्षारसाने झिंगले आहेत असा शेरा मारला. या शेऱ्याने भाष्यकारांपुढे एक लहानसा प्रश्न उभा केला आहे. सांगली जिल्ह्यातील तासगावच्या बागांत ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होऊन जानेवारी ते एप्रिल या काळात द्राक्षे उतरतात. तेथील वाचकाला मे-जूनमधील नवा द्राक्षारस स्वाभाविक वाटेल. परंतु पॅलेस्टाइनमध्ये द्राक्षांचा हंगाम उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येतो आणि पेंटेकॉस्टच्या वेळी मळ्यांत घड कच्चेच असतात. त्यामुळे आदल्या वर्षीचा गोड राखलेला रस येथे अभिप्रेत असावा, असा अर्थ काहींनी लावला आहे. पेत्राने दिलेले उत्तर याहून साधे होते : सकाळचे नऊच वाजले आहेत, एवढ्यात कोणी प्यालेले नाही. पुढे त्याने योएल या संदेष्ट्याच्या वचनाचा आधार घेतला. देव आपला आत्मा सर्व मनुष्यमात्रावर ओतील, पुत्र व कन्या दोघेही संदेश देतील, दास आणि दासींनाही त्यातून वगळले जाणार नाही, असा त्याचा आशय आहे. अनुवाद ग्रंथात सणाच्या पंक्तीला बसविलेली माणसे येथे बोलण्याच्या अधिकारात वाटेकरी झालेली दिसतात. त्या दिवशी सुमारे ३,००० लोकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नव्या मंडळीने आपली मालमत्ता सामाईक केली, असे ग्रंथकार सांगतो. मात्र हे चित्र त्याने निर्दोष ठेवलेले नाही. सहाव्या अध्यायात, रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार उद्‍भवल्याचे त्यानेच नमूद केले आहे.

निरनिराळ्या भाषांत बोलणे म्हणजे नेमके काय, हा वाद प्राचीन आहे. चमत्कार बोलणाऱ्यांच्या मुखात घडला की ऐकणाऱ्यांच्या कानांत, याची चर्चा चौथ्या शतकात नाझिआन्झसच्या ग्रेगरीने केली असून त्याचा कल पहिल्या पक्षाकडे आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ज्या भाषेचा उल्लेख येतो, ती ऐकणाऱ्यास समजत नाही व तिचा अर्थ सांगणारा लागतो. म्हणजे ओळखीच्या परभाषेत बोलणे आणि भावावेशातील अनाकलनीय उच्चार या दोन गोष्टी नव्या करारातच शेजारी शेजारी आढळतात. बाबेलच्या बुरुजाच्या कथेशी पेंटेकॉस्टची तुलना नेहमी केली जाते. बाबेल येथे भाषांचा घोटाळा होऊन माणसे पांगली, जेरूसलेममध्ये तो घोटाळा मिटला, असे सांगण्याचा प्रघात आहे. तो पुरतेपणी बरोबर म्हणता येणार नाही. पेंटेकॉस्टच्या कथेत सर्वांची भाषा एक होत नाही. भाषा अनेकच राहतात आणि देवाची कृत्ये त्या प्रत्येकीतून सांगितली जातात. धर्माला एकच पवित्र भाषा असावी लागते ही कल्पना या कथेच्या प्रकृतीशी जुळणारी नाही.

‘आत्मा’ या शब्दाबद्दलही येथे थोडे सांगणे अवश्य आहे. हिब्रू ‘रूआह’ आणि ग्रीक ‘न्यूमा’ या दोन्ही शब्दांचे अर्थ वारा, श्वास आणि आत्मा असे तिहेरी आहेत. त्यामुळे मूळ वाचकाला वाऱ्याचा नाद आणि आत्म्याचे आगमन ही एकाच शब्दाची दोन अंगे वाटत. मराठीतील ‘आत्मा’ या शब्दावर वेदान्ताचा दीर्घ संस्कार असून त्यात वाऱ्याची झुळूक जाणवत नाही. ‘प्राण’ हा शब्द काही बाबतींत अधिक जवळचा ठरला असता. तथापि ‘पवित्र आत्मा’ हीच संज्ञा मराठी ख्रिस्ती समाजात स्थिरावली.

सणाचा विकास : आरंभीच्या चर्चमध्ये ‘पेंटेकॉस्ट’ हे नाव एका दिवसाला नसून ईस्टरपासूनच्या संपूर्ण पन्नास दिवसांच्या आनंदपर्वाला होते. टर्टलियनच्या लेखनात हाच अर्थ आढळतो. या दिवसांत गुडघे टेकून प्रार्थना न करता उभे राहून करावी, असा नियम नायसीआच्या परिषदेने (३२५) घालून दिला. चौथ्या शतकाच्या ओघात शेवटच्या दिवसाला स्वतंत्र सणाचे रूप आले. कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने (३८१) पवित्र आत्म्याविषयीचे श्रद्धावचन विस्ताराने मांडले. पुढे हा आत्मा केवळ पित्यापासून निघतो की पिता व पुत्र या दोघांपासून, या मतभेदाने पूर्व व पश्चिम चर्चमधील दुरावा वाढविला आणि १०५४ च्या फुटीला जी कारणे घडली त्यांत त्याची गणना होते. पश्चिमेत या दिवशी उपासनेसाठी अग्नीचे निदर्शक असा तांबडा रंग वापरतात. इंग्लंडमध्ये नवदीक्षितांच्या पांढऱ्या वस्त्रांवरून सणाला श्वेत रविवार या अर्थाचे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते.

मराठी भाषा आणि पेंटेकॉस्ट : गोमंतकातील जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. परक्या देशातून आलेल्या माणसाने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तचरित्र सांगावे, हा पेंटेकॉस्टच्या कल्पनेचाच एक आविष्कार म्हणता येईल. बायबलच्या मराठी भाषांतरास सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या प्रयत्नांनी आरंभ झाला आणि मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये छापले गेले. मुंबईतील अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला. ग्रंथ मराठीत आला. परंतु तो ज्या मराठीत आला ती शाळा न पाहिलेल्या स्त्रीला समजत होती काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याला हात घातला तो पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी.

केडगाव येथील घटना (१९०५) : रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविले. १८७०–८० या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे आई-वडील व थोरली बहीण निवर्तली. कलकत्त्याच्या पंडितसभेने १८७८ मध्ये त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला. १८८० मध्ये विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन आणि पुढील वर्षी त्याचे पुण्यास स्थलांतर, हा त्यांचा जीवनक्रम सुपरिचित आहे. १८९५ मध्ये लोणावळे येथील ख्रिस्ती शिबिरात आपल्याला पवित्र आत्म्याचा प्रत्यय आला, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून शेकडो निराधार मुली व स्त्रिया सोडवून आणल्या. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथील त्यांच्या शेतावर मुक्तिसदन उभे राहिले आणि तेथील रहिवाशांची संख्या काही काळ दोन हजारांच्या घरात गेली. विधवा, पोरक्या मुली, परमुलखातून आलेल्या निराश्रित स्त्रिया असा हा समुदाय होता. अनुवाद ग्रंथातील यादी जणू एका आवारात एकत्र आली होती.

ऑस्ट्रेलियातील धर्मजागृतीच्या वार्ता ऐकून रमाबाईंनी आपली कन्या मनोरमा व सहकारी मिनी एब्रम्स यांना त्या देशी पाठविले होते. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठी धर्मजागृती झाली आणि १९०५ च्या मार्चमध्ये तिचे पडसाद वेल्श मिशनच्या द्वारे आसामातील खासी टेकड्यांत उमटले. त्याच वर्षी जानेवारीत रमाबाईंनी मुक्तिसदनात रोजच्या विशेष प्रार्थनेचे आवाहन केले होते. प्रथम सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली. २९ जूनच्या पहाटे एक मुलगी आपल्या अंगात आग उतरल्याच्या अनुभवाने जागी झाली. शेजारची मुलगी तिच्याभोवती ज्वाळा पाहून पाण्याची बादली आणण्यास धावली आणि ओतण्याच्या बेतात असता प्रत्यक्षात काहीच पेटलेले नाही हे तिच्या ध्यानात आले, अशी हकीकत मिनी एब्रम्स यांनी दिली आहे. पुढील दिवसांत प्रार्थनेच्या वेळी मुली रडू लागल्या, आपापल्या चुका उघडपणे कबूल करू लागल्या, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. कित्येकींना अंगात जळजळ झाल्याचा व पाठोपाठ अपूर्व आनंद वाटल्याचा अनुभव आला. वर्ग काही काळ विस्कळीत झाले. त्यानंतर मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत व इतर मिशनांच्या ठाण्यांत उपदेशासाठी जाऊ लागल्या. ज्यांना आदल्या पाच-दहा वर्षांत कोणी नावानेही हाक मारली नसती, अशा मुलींची ही सार्वजनिक वाणी होती.

या घटनेकडे संशयाने पाहणारे तेव्हाही होते. काही मिशनरींना हा गोंगाट असभ्य वाटला आणि काहींनी त्यास उन्माद ठरविले. रमाबाईंनी आपल्या इंग्रजी वार्तापत्रातून त्याला उत्तर दिले. हिंदुस्थानातील लोकांनी इंग्रजी वळणाच्या शांत उपासनेतच देवाला भेटावे असा आग्रह आपण धरणार नाही, त्यांना त्यांच्या रीतीने व्यक्त होऊ द्यावे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. इंग्रजी पंथीय शिस्तीशी वाँटेजच्या काळापासून त्यांचे झगडे झालेले होते. ही भूमिका त्या स्वभावाला धरूनच आहे. आजच्या वाचकाला या वर्णनांत भूक, स्थलांतर आणि आप्तांचे मृत्यू सोसलेल्या मुलींच्या दडपलेल्या दुःखाचा उद्रेकही दिसेल. तसा अर्थ लावणे गैर नाही. पण तेवढ्याने या मुलींनी त्या अनुभवातून पुढे जे काम केले त्याचा उलगडा होत नाही.

अन्य भाषांत बोलण्याचे प्रकार मुक्तिसदनात १९०६ च्या अखेरच्या महिन्यांपासून विशेषत्वाने नोंदले गेले. दौंड येथे मुलांचे अनाथाश्रम चालविणारे अल्बर्ट नॉर्टन यांनी अशा एका प्रार्थनासभेत आपल्या जवळच कोणी स्वच्छ इंग्रजीत प्रार्थना करीत असल्याचे ऐकले आणि डोळे उघडून पाहता ती इंग्रजी न जाणणारी मराठी स्त्री निघाली, असे लिहिले आहे. अशा साक्षींची शहानिशा करण्याचे साधन आता उरलेले नाही. महत्त्वाचा आहे तो रमाबाईंचा निवाडा. अमेरिकेत त्या सुमारास असे मत बळावत होते की, अन्य भाषेत बोलणे हीच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची अनिवार्य खूण होय. रमाबाईंनी ते मान्य केले नाही. भाषांचे दान त्यांनी नाकारले नाही, आपल्या मुलींना त्यापासून परावृत्तही केले नाही. परंतु खरी व अत्यावश्यक खूण म्हणजे परिपूर्ण प्रेम, इतर दाने ज्याला मिळतील त्याला मिळोत, असे त्यांनी १९०७ मध्ये स्पष्टपणे मांडले. या एका मुद्द्यावर पेंटेकॉस्टल चळवळीत पुढे कित्येक फाटे फुटले, हे लक्षात घेता केडगावचा हा निवाडा किती समतोल होता ते कळून येते.

स्वतः रमाबाईंनी भाषांचे दान वेगळ्याच मार्गाने साधले. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असून सामान्य स्त्रियांना कळत नाही, शिवाय त्यातील अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. जिला संस्कृत पांडित्याबद्दल कलकत्त्याने गौरविले तिनेच मराठीतून संस्कृत वगळण्याचा खटाटोप करावा, यात विसंगती दिसली तरी ती वरवरची आहे. संस्कृत शब्द कोणाला कळतो व कोणाला कळत नाही, हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले होते? जुळणीपासून छपाईपर्यंतचे काम मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. रमाबाईंचे ५ एप्रिल १९२२ रोजी निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याची भाषा कित्येक ठिकाणी खडबडीत असून चर्चच्या उपासनेत तो रूढ होऊ शकला नाही. तरीही एका स्त्रीने एकहाती केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर म्हणून त्याचे ऐतिहासिक मोल मोठे आहे.

जागतिक संदर्भ : पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम अमेरिकेत झाला, असे दीर्घकाळ सांगितले गेले. टोपीका येथे १९०१ मध्ये चार्ल्स पारम यांच्या पाठशाळेत आणि लॉस अँजेल्समधील अ‍ॅझूझा स्ट्रीट येथे १९०६ च्या एप्रिलपासून विल्यम सीमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या सभांत अन्य भाषांचे प्रकार घडले आणि तेथून ही लाट जगभर गेली, असा तो इतिहास आहे. केडगावची जागृती अ‍ॅझूझा स्ट्रीटच्या सुमारे दहा महिने आधीची आहे. अ‍ॅलन अँडरसन यांच्यासारख्या इतिहासकारांनी अलीकडे दाखवून दिले आहे की, या चळवळीची केंद्रे अनेक होती व केडगाव हे त्यांपैकी स्वतंत्र असे एक होते. मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये पवित्र आत्म्याचा व अग्नीचा बाप्तिस्मा या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याची प्रत त्यांनी चिलीतील व्हॅलपरेझो येथे राहणाऱ्या आपल्या जुन्या सहाध्यायिनीला, मे हूव्हर यांना पाठविली. त्यांचे पती विलिस हूव्हर यांच्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ मध्ये जी जागृती झाली, तीतून चिलीची मेथडिस्ट पेंटेकॉस्टल चर्च उदयास आली. दक्षिण अमेरिकेतील एका मोठ्या संप्रदायाचा धागा अशा रीतीने केडगावशी जुळतो.

केडगावच्या घटनेची साधने मात्र बहुतांशी इंग्रजी असून ती मिशनरींनी, परदेशी वाचकांसाठी लिहिलेली आहेत. मराठीत प्रार्थना करणाऱ्या त्या मुलींचे स्वतःचे शब्द फारच थोडे टिकले. बहुतेकींची नावेही ग्रंथात आलेली नाहीत. ज्या सणाचे सार प्रत्येकाची बोली ऐकली जाणे हे आहे, त्याच्या महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या प्रसंगाची ही उणीव इतिहासकाराला जाणवल्यावाचून राहत नाही.

सातारा-सांगली परिसर : कृष्णाकाठच्या या प्रदेशात प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवेश दोन मार्गांनी झाला. साताऱ्यास अमेरिकन मराठी मिशन, तर तासगावनजीकच्या सांगली व मिरज या ठिकाणी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन काम करीत असे; मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या रुग्णालयाने मोठा लौकिक मिळविला. तासगाव तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात मोडत असे. सौम्य, शाळा व दवाखाने यांना प्राधान्य देणारी ही परंपरा केडगावच्या आवेशाहून प्रकृतीने भिन्न होती. तथापि पवित्र आत्मा एतद्देशीय रीतीने प्रकट व्हावा, ही तळमळ येथेही वेगळ्या वाटेने उमटली. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीतून मुक्त होऊन साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखेच स्थान होते आणि भजन-कीर्तन हे त्याचे वाहन होते. हा दरबार पेंटेकॉस्टल नव्हता. त्यात अन्य भाषांचा प्रश्न उद्‍भवला नाही. टिळकांना हवी होती ती तुकोबांच्या अभंगाची परिचित भाषा. रमाबाईंनी ज्या मराठीतून परंपरेचे शब्द काढून टाकले, त्याच मराठीत टिळकांनी ते शब्द ख्रिस्ताच्या सेवेस लावले. मराठी ख्रिस्ती समाजाच्या गळी उतरली ती टिळकांची वाट. त्यांची भक्तिगीते आजही उपासनेत गायिली जातात. दरबाराचा प्रयोग मात्र त्यांच्या अकाली निधनामुळे पुढे वाढला नाही. वरील दोन्ही मिशनांच्या मंडळ्या पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये आणि १९७० मध्ये नागपूर येथे झालेल्या ऐक्याने चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये समाविष्ट झाल्या.

सद्यःस्थिती : आज महाराष्ट्रात पेंटेकॉस्ट तीन निरनिराळ्या वृत्तींनी पाळला जातो. वसईसारख्या भागातील मराठी भाषिक कॅथलिकांत स्वर्गारोहणानंतर नऊ दिवसांची प्रार्थना करण्याचा रिवाज असून पोप तेरावे लिओ यांनी १८९७ मध्ये तिला सार्वत्रिक रूप दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनच्या जागी मराठीतून उपासना होऊ लागली, हा या सणाच्या अर्थाशी सर्वाधिक निगडित असा बदल होय. १९६७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या कॅथलिक कॅरिस्मॅटिक नवजागृतीमुळे हात उंचावून, मोठ्याने केलेली प्रार्थना कॅथलिकांनाही परिचित झाली. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत सण तुलनेने साधेपणाने, विशेष वाचन व प्रवचन यांनी साजरा होतो. स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्यांना तर वर्षातला प्रत्येक रविवार याच अनुभवाचा वाटतो, त्यामुळे त्यांच्यातील कित्येकांना पंचांगातल्या दिवसाचे फारसे अगत्य नसते. आजार बरे होण्याची प्रार्थना, साक्ष देणे आणि अन्य भाषांत बोलणे यांवर त्यांचा भर असतो. मोठ्या शहरांतल्या अशा मंडळ्यांत मराठीबरोबर हिंदी, तमिळ, मलयाळम् व इंग्रजी या भाषांतूनही उपासना चालते आणि एका भाषेतील प्रवचन वाक्यावाक्याला दुसऱ्या भाषेत सांगणारा दुभाषी व्यासपीठावर उपदेशकाच्या शेजारी उभा असतो. केडगावचे मुक्तिमिशन कोणत्याही पेंटेकॉस्टल संप्रदायात सामील झाले नाही. निराधार स्त्रिया व मुले यांच्या संगोपनाचे त्याचे काम चालू आहे.